राळ, तार आणि संगणक

जत्रांचा हंगाम जवळ आला की पेडण्यापासून सावंतवाडीपर्यंत आणि डिचोलीपासून दोडामार्गापर्यंत तिठ्यातिठ्यांवर फलक झळकू लागतात. देवस्थानाचे नाव, तिथी, दशावतारी मंडळाचे नाव, आख्यानाचे नाव. आणि या सर्वांच्या वर, सर्वांत ठळक अक्षरांत एक शब्द – ‘ट्रिकसीनयुक्त’. इंग्रजी आणि संस्कृत यांची अशी मोट बांधलेला दुसरा शब्द आमच्या भागात शोधून सापडायचा नाही. इंग्रजाला तो कळणार नाही आणि पुण्याच्या पंडिताला तो रुचणार नाही. पण तेरेखोलच्या दोन्ही काठांवरच्या कुठल्याही शेंबड्या पोराला त्याचा अर्थ विचारा. गरुड खरोखर उडणार, मुंडके खरोखर धडावेगळे होणार, शंकराच्या जटेतून खरोखर पाणी येणार, हा त्याचा अर्थ.

या ‘खरोखर’ शब्दाविषयी मला थोडे लिहायचे आहे. आख्याने जुनी होत नाहीत. हिरण्यकश्यपू शंभर वर्षांपूर्वी मरत होता, आजही मरतो आणि आजही माणसे तो मरताना बघायला पहाटेपर्यंत जागतात. पण त्याला मारताना जो चमत्कार दाखवायचा, त्याच्या युक्त्या मात्र भराभर जुन्या होतात. मग जुन्या आख्यानात नवी युक्ती बसवायची की नाही, आणि बसवली तर जुन्या युक्तीचे काय करायचे? हा प्रश्न आमच्या दशावतारापुढे आला, तसाच तो सातासमुद्रांपलीकडे अमेरिकेत एका जुन्या विज्ञानमालिकेच्या मालकांपुढेही आला. त्यांनी काय केले आणि आम्ही काय केले, हे शेजारी शेजारी ठेवून पाहिले तर आपल्या पदरात काय राहिले आणि काय गळून पडले, ते नीट दिसते.

*

आधी आपल्या मुलखाविषयी. डिचोली १७८१ साली आणि पेडणे १७८८ साली पोर्तुगीजांकडे गेले. तोवर हा प्रदेश सावंतवाडीकर भोसल्यांच्या आधिपत्याखाली होता. पोर्तुगीज दप्तरात आम्ही ‘नव्या काबिजादी’ झालो, पण देवळांची पंचांगे आणि जत्रांच्या तिथी काही कुणी बदलल्या नाहीत. म्हणूनच वेंगुर्ले-कुडाळ-सावंतवाडीकडचा दशावतार आणि आमचा दशावतार यांच्यात सरहद्द कधी उभी राहू शकली नाही. आमच्याकडे त्याला ‘कालो’ म्हणतात, कारण रात्रभर आख्यान झाल्यावर उजाडता उजाडता दहीहंडी फुटते आणि काला होतो. कार्तिकापासून वैशाखापर्यंत हा हंगाम चालतो.

या खेळाचे दोन भाग. पहिल्यात, म्हणजे आडदशावतारात, गणपती, रिद्धी-सिद्धी, भटजी, सरस्वती येतात. मग काळ्या पोशाखातला, काळा बुरखा घेतलेला, लाल जीभ बाहेर लोंबणारा संकासुर येतो आणि आपल्या गावरान बोलीत देवादिकांची आणि समोर बसलेल्या मानकऱ्यांची सारखीच रेवडी उडवतो. दुसरा भाग आख्यानाचा. त्याला लिहिलेली संहिता नसते. कथा ठरलेली, पात्रे ठरलेली. संवाद मात्र नट जागेवर रचतो. पायपेटी, मृदंग आणि झांज एवढी साथ. रंगमंचावर सामान म्हणाल तर एक लाकडी बाकडे. तेच सिंहासन, तेच रथ, तेच कैलास पर्वत, आणि रावणाला सीता पळवायची असली की तेच पुष्पक विमान.

बाकड्याला कुणी हसू नये. भरताच्या नाट्यशास्त्रात विमानातून किंवा रथातून जाणे नटाने केवळ आपल्या चालीने आणि अंगविक्षेपांनी कसे दाखवावे, याचे विवेचन आहे. त्याच ग्रंथात रंगसामग्रीला ‘पुस्त’ असे नाव देऊन तिचे संधिम, व्याजिम आणि वेष्टिम असे तीन प्रकार सांगितले आहेत. यातले व्याजिम म्हणजे यंत्राच्या साहाय्याने चालणारे. म्हणजे ‘हे रंगमंचावर विमान आहे असे समजा’ म्हणणारा पक्ष आणि ‘विमान बांधून दाखवू या’ म्हणणारा पक्ष, दोघांनाही आमच्याकडे शास्त्राधार आहे. ग्रीकांचीही तीच गत. त्यांच्या नाटकात देवाला आकाशातून उतरवण्यासाठी क्रेनसारखे यंत्र असे. ॲरिस्टोफेनिसच्या इसवी सनापूर्वी ४२१ च्या एका सुखात्मिकेत नायक भल्यामोठ्या शेणकिड्यावर बसून स्वर्गाकडे निघतो आणि मध्येच घाबरून यंत्र चालवणाऱ्यालाच, बाबा रे, जरा सांभाळून, असे विनवतो. चमत्काराची यंत्रे आणि त्यांची थट्टा ही एकाच वयाची आहेत.

*

आमच्या दशावतारातला जुना, अस्सल चमत्कार म्हणजे राळ.

राळ हा झाडाचा चीक. त्याचा खडा पेटवला तर तो धुरकटत, रेंगाळत जळतो. पण तीच राळ वस्त्रगाळ करून मूठभर मशालीच्या ज्योतीवर फेकली तर चित्र पालटते. प्रत्येक कणाला भोवती हवा मिळते, सगळे कण एका क्षणात पेट घेतात आणि पुरुषभर उंचीचा जाळ भप्पकन उठून विझतो. शिल्लक राहतो तो वास आणि अंधार. युरोपातल्या रंगभूमीवर हेच काम लायकोपोडियम नावाच्या वनस्पतीच्या पिवळसर भुकटीने होत असे. आपल्याकडे विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीला ‘सीतास्वयंवर’ केले, त्यानंतरच्या पौराणिक नाटकांत राक्षसाचा प्रवेश राळेच्या भडक्यात आणि आरोळ्यांत होऊ लागला. पुढे शहाण्यासुरत्यांनी त्या नाटकांना ‘अललडुर्र’ म्हणून हिणवले. भाव्यांना ज्या खेळावरून नाटकाची कल्पना सुचली, तो उत्तर कानड्यातून सांगलीत आलेल्या भागवत मंडळींचा. म्हणजे ही सगळी किनारपट्टीचीच विद्या, घाट चढून गेलेली.

मी लहानपणी राळ पाहिली ती तिच्या उतारवयात. गॅसबत्त्या आल्या होत्या, तरी राक्षसाच्या प्रवेशाला एक जण मशाल घेऊन बाजूला उभा राही. आमच्या वाड्यावरची एक म्हातारी सांगे, “राळ उडली काय पोरां आवशीच्या पदराखाली घुसत.” त्यात अतिशयोक्ती नव्हती. पण आज विचार केला की एक गोष्ट जाणवते. राळ फेकणारा माणूस आम्हांला दिसत असे. तो लपलेला नसे. गावातलाच, नावागावाचा माणूस, सदऱ्याच्या बाह्या सरसावून उभा. तो मूठ भरतोय हेही दिसे. तरीही भडका उठला की त्यामागचा हिरण्यकश्यपू खराच वाटे. युक्ती उघडी असूनही भय खरे, हा त्या खेळाचा करार होता आणि त्यावर नटाची आणि प्रेक्षकाची दोघांचीही सही होती.

राळेला आणखी एक अंग होते. भडका क्षणभरच टिकत असल्यामुळे राक्षस क्षणभरच दिसे. पुढच्या अर्ध्या उजेडात त्याचे उरलेले अक्राळविक्राळ रूप आपले आपण पुरे करायचे. पहिल्या प्रकाशात पूर्ण दाखवलेला राक्षस दुसऱ्या मिनिटाला ओळखीचा होतो, हे राळ फेकणाऱ्याला कुठल्याही शास्त्राशिवाय ठाऊक होते.

*

आता कुणी म्हणेल की हे सगळे जुन्याचे कौतुक झाले. तसे नाही. दशावतारात ‘मूळचे’ म्हणून जे आपण दाखवतो त्याचे एकेक पापुद्रे सोलून पाहा. पायपेटी घ्या. हार्मोनियम हे वाद्य १८४० च्या सुमारास पॅरिसमध्ये जन्मले. ज्याला आम्ही गॅसबत्ती म्हणतो तो पेट्रोमॅक्स १९१० च्या सुमारास जर्मनीत तयार झाला. वीज तर आमच्या बहुतेक खेड्यांत १९६१ च्या मुक्तीनंतर आली आणि तिच्या मागोमाग माईक आला. यातली प्रत्येक वस्तू आली तेव्हा ती नवी होती आणि कुणा ना कुणा म्हाताऱ्याने तिला नाक मुरडलेच असणार. ज्या पिढीने जे बालपणी पाहिले ते तिला मूळ वाटते. माझे मूळ गॅसबत्तीचे आहे. माझ्या आजोबांचे मशालीचे होते. आज मोप्याच्या पठारावर जानेवारी २०२३ पासून रोज विमाने उतरताना पाहणाऱ्या पोराचे मूळ ट्रिकसीनचेच असणार, आणि त्यात त्याची चूक नाही.

शिवाय राळ धोक्याची. माडाच्या झावळ्यांचा मांडव, कोरडा वारा, कापडी पडदे आणि खाली बसलेली बायकापोरे. त्यात उघडा जाळ फेकणे आजच्या काळात कुणी करू म्हणेल तर मीही हात जोडून अडवीन.

ट्रिकसीन आमच्याकडे का फोफावले, याविषयी माझे मत असे. २५ जानेवारी १९८७ पासून ३१ जुलै १९८८ पर्यंत रविवारी सकाळी रामानंद सागरांचे ‘रामायण’ दूरदर्शनवर चालले. महाराष्ट्राच्या उत्तर वेशीलगत गुजरातेतील उमरगावला त्याचे चित्रीकरण झाले. दोन बाण आकाशात एकमेकांना भिडतात, एकातून पाऊस आणि दुसऱ्यातून आग निघते, हे दृश्य ज्याच्या घरी टीव्ही होता त्याच्या अंगणात सगळ्या वाड्याने पाहिले. जो चमत्कार वर्षातून एकदा जत्रेत दिसायचा तो दर आठवड्याला दिसू लागला. त्या प्रेक्षकाला बाकड्यावरच्या पुष्पक विमानाकडे परत आणायचे, तर मंडळांना काहीतरी करणे भागच होते. त्यांनी तारा लावल्या, थर्मोकोलचे गरुड आणि मगरी केल्या, धूर आणला, रंगीत झोत आणले. ट्रिकसीनची नाईट साध्या नाईटीपेक्षा महाग, पण गर्दीही तशीच. नटांच्या घरची चूल त्या गर्दीवर पेटते, हे विसरून दशावताराच्या शुद्धतेवर व्याख्याने झोडणाऱ्यांशी माझे जमत नाही.

*

आता अमेरिकेतली गोष्ट. ‘स्टार ट्रेक’ ही मालिका तिकडे ८ सप्टेंबर १९६६ ला सुरू झाली आणि ७९ भागांनंतर १९६९ साली बंद पडली. ऐंशीच्या दशकात आपल्या दूरदर्शननेही ती दाखवली होती, त्यामुळे टोकदार कानांचा तो स्पॉक आमच्यातल्या पुष्कळांना आठवत असेल. एंटरप्राइझ नावाचे अंतराळयान ग्रहाग्रहांवर हिंडते, एवढीच कथाकल्पना. म्हटले तर पुराणच.

या मालिकेचा खर्च तोकडा होता. यान म्हणजे लाकूड आणि प्लॅस्टिक यांचे सुमारे अकरा फुटी प्रतिरूप. त्याची काही मोजकी दृश्ये चित्रित करून ठेवलेली. तीच पुन्हा पुन्हा भागाभागांतून फिरवत. दर आठवड्याला एवढे यान नव्या ग्रहावर उतरलेले दाखवणे परवडेना, म्हणून एक तोड काढली. माणसे यानातल्या चौथऱ्यावर उभी राहतात, चकाकणाऱ्या कणांत विरघळतात आणि ग्रहावर प्रकट होतात. ते चकाकणारे कण कसले? काळ्या पार्श्वभूमीवर, प्रखर उजेडात पडू दिलेली ॲल्युमिनियमची भुकटी, उलट्या कॅमेऱ्याने टिपलेली. हे मी वाचले तेव्हा मला हसू आले आणि आमचा राळवालाही आठवला. तिकडे मूठभर भुकटी उजेडात सोडली, इकडे मूठभर भुकटी ज्योतीवर सोडली. अंतर्धान पावणे आणि प्रकट होणे, दोन्हीकडे भुकटीचेच काम. आणि ज्या युक्तीने ती मालिका जगभर ओळखली गेली ती सुबत्तेतून आलेली नाही. खिशात पैसे नसल्यामुळे ती सुचली, जसे आमचे बाकडे विमान झाले ते दुसरे काही नसल्यामुळेच.

पुढे चाळीस वर्षांनी दूरदर्शन संचांचे पडदे मोठे आणि स्वच्छ झाले. जुन्या धूसर संचावर खपून गेलेले दोष उघडे पडू लागले. त्या काळी एकावर एक फिल्म छापून चमत्कार जुळवत, आणि दर छपाईला चित्र भुरकट होत जाई. साधी दृश्ये लख्ख आणि नेमकी चमत्काराची दृश्ये मळकी, असा प्रकार होता. तेव्हा २००६ साली मालकांनी जुन्या मूळ फिल्मवरून चित्र नव्याने उतरवून घेतले आणि यानाची, ग्रहांची, अंतराळाची दृश्ये संगणकावर पुन्हा तयार केली. ज्यांच्यावर हे काम सोपवले ते मायकेल ओकुडा, डेनिस ओकुडा आणि डेव्हिड रॉसी हे मालिकेचे जुने जाणते. त्यांनी स्वतःला एक शिस्त घालून घेतली. संगणकाला काय येते ते दाखवत सुटायचे नाही. मूळ दृश्याची मांडणी आणि लय शक्यतो सांभाळायची. नटांना, संवादांना त्यांनी हात लावला नाही.

तरीही जुने चाहते रुसलेच. डुगडुगणाऱ्या त्या प्रतिरूपातच मालिकेचा जीव होता, असे त्यांचे म्हणणे. पण त्या भांडणाचा निकाल फार समंजस लागला. २००९ साली या मालिकेच्या तबकड्या बाजारात आल्या तेव्हा त्यांत दोन्ही रूपे दिली होती. एक कळ दाबली की १९६६ चा चमत्कार, दुसरी दाबली की २००६ चा. ब्रिटनमध्ये ‘डॉक्टर हू’ या तशाच जुन्या मालिकेतल्या १९६४ च्या एका कथेची तबकडी २००३ साली निघाली, तिच्यातही नवे चमत्कार ऐच्छिक ठेवले होते. आणि ते अकरा फुटी यान? ते वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात १९७४ पासून आहे. वेळोवेळी त्याची निगुतीने डागडुजी होते.

सगळीकडे इतका समंजसपणा दिसला असे मात्र नाही. ‘स्टार वॉर्स’ या १९७७ च्या चित्रपटात त्याच्या कर्त्यानेच, जॉर्ज लुकासने, १९९७ साली नवी संगणकी दृश्ये घातली आणि नंतर मूळ रूप नीटसे बाहेर येऊच दिले नाही. ज्यांनी ते तरुणपणी पाहिले होते ते कित्येक वर्षे त्यासाठी तळमळत राहिले. ‘डॉक्टर हू’चीही दुसरी बाजू आहे. बीबीसीने साठ-सत्तरच्या दशकांत जुन्या फिती पुसून त्यांवर दुसरे कार्यक्रम मुद्रित केले, त्यामुळे त्या मालिकेचे शंभराच्या आसपास भाग आजही हरवलेले आहेत. पुसले तेव्हा कुणालाही त्यांची किंमत वाटली नव्हती.

आपल्या ‘रामायणा’ची गोष्ट तर याहून बोलकी. २८ मार्च २०२० पासून, टाळेबंदीच्या दिवसांत, दूरदर्शनने ती मालिका पुन्हा दाखवली. बाण तेच, आग तीच, ढगही तेच कापसाचे. आणि ज्या नातवंडांनी संगणकी चमत्कारांनी भरलेले परदेशी चित्रपट कोळून प्यायले होते, ती आजीआजोबांच्या मांडीला मांडी लावून ते बाण बघत बसली. त्यांना ते खोटे दिसत नव्हते असे नाही. खोटे दिसूनही ती उठली नाहीत. राळवाल्याचा जुना करार पुन्हा एकदा लागू झाला होता.

*

या सगळ्या उदाहरणांतून मला एकच गोष्ट कळते. नवी युक्ती आली यात बिघडत नाही. जुनी युक्ती कुठेतरी जिवंत राहिली आहे की नाही, यावर सारे अवलंबून आहे. तिथे मात्र अमेरिकन मालिका आणि आमचा दशावतार यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. त्यांच्याजवळ मूळ फिल्म होती, पेटीत जपलेली. चाळीस वर्षांनी परत जायला जागा होती. आमच्याजवळ काय आहे? संहिता नाही, राळेच्या खेळाचे चित्रीकरण नाही, मशाल कुठे आणि किती उंचीवर धरत याची कुठल्याही वहीत नोंद नाही. आमची मूळ फिल्म म्हणजे काही म्हाताऱ्या नटांचे हात आणि काही म्हाताऱ्या प्रेक्षकांचे डोळे. ती दर वर्षी थोडी थोडी पुसली जाते आणि तिच्यावर नवे मुद्रण होत राहते.

यात दुसरेही एक नुकसान आहे, आणि त्याची चर्चा फारशी कुणी करत नाही. दशावताराचा प्राण जागेवर रचलेल्या संवादात. राजपार्टी आणि राक्षसपार्टी यांची वादावादी रंगली की ती अर्धा तास चालेल, नाही रंगली तर पाच मिनिटांत आटपेल. समोरच्या नटाने टाकलेला शब्द उचलायचा आणि त्यालाच परत मारायचा. राळवाला या खेळात अडथळा नव्हता. नटाची आरोळी ऐकली की तो मूठ फेकी. नट लांबला तर तोही थांबे. तारेवरच्या गरुडाचे तसे नाही. तार कुणी केव्हा ओढायची, झोत केव्हा विझायचा, ठरलेले संगीत कुठे वाजायचे, हे आधी बांधलेले असते. मग नटालाही ठरल्या जागी, ठरल्या वाक्यावर येऊन उभे राहावे लागते. राळ नटाच्या मागे चालत होती. आता नट तारेच्या मागे चालतो. ज्या नाटकाला कधी संहिता नव्हती त्याला ती अशी मागच्या दाराने मिळाली.

शिवाय रात्र तेवढीच. ट्रिकसीनला लागणारा वेळ कुठून तरी काढावा लागतो, आणि तो बहुधा आडदशावतारातून काढला जातो. पुष्कळ ठिकाणी गणपती-सरस्वती घाईघाईने आटोपतात, आणि संकासुर तर कधी कधी येतच नाही. मला याचे फार वाईट वाटते, कारण चमत्काराच्या दृष्टीने संकासुर हे दशावतारातले सर्वांत बिनखर्ची आणि सर्वांत टिकाऊ पात्र. काळे कापड, लाल कापडाची जीभ आणि बोली, एवढ्यावर त्याने पिढ्यान् पिढ्या पोरे आधी रडवली आणि मग हसवली. त्याला कुठली तार लागत नाही, कुठला धूर लागत नाही. नव्या युक्तीने त्याच्यात सुधारणा करण्यासारखे काही नव्हतेच. तिने फक्त त्याची वेळ घेतली.

*

डिचोली तालुक्यात शिरगावला वैशाख शुद्ध पंचमीला श्री लईराईची जत्रा भरते. व्रतस्थ धोंड होमखणाच्या पेटत्या निखाऱ्यांतून चालत जातात. तिथे निखाऱ्यांऐवजी लाल दिवे लावा असे कुणी म्हणणार नाही, कारण तो आगीचा देखावा नाही, तो नवस आहे. दुसऱ्या टोकाला सिनेमा आहे. तिथे आग खरी की संगणकाची, याची कुणाला फिकीर नसते. आमचा कालो या दोहोंच्या मध्ये उभा आहे. तो देवळाच्या प्रांगणात होतो, देवाच्या नावाने होतो, आणि तरीही तो नाटकच आहे. म्हणून त्यातली राळ पूर्णपणे पूजेतही मोडत नाही आणि पूर्णपणे करमणुकीतही नाही. पूजेचा भाग असती तर ती आपोआप टिकली असती. निव्वळ करमणूक असती तर तिच्या जाण्याचे मला एवढे वाटले नसते.

म्हणून माझे मागणे फार मोठे नाही. ट्रिकसीन बंद करा, असे मी म्हणणार नाही. कुणी म्हटले तरी ते बंद होणार नाही, आणि चांगले जमलेले ट्रिकसीन पाहून मीही टाळी वाजवलेली आहे. पण त्या अमेरिकन तबकडीसारखी दुसरी कळ आपल्याकडेही असावी. पेडणे किंवा डिचोली महालातल्या एखाद्या देवस्थानाने हंगामातली एक रात्र जुन्या पद्धतीच्या काल्यासाठी राखून ठेवावी. उघड्या जागेत, मांडवापासून दूर, पाण्याच्या घागरी भरून ठेवून, मशालीच्या उजेडात एक बाकडे आणि पूर्ण आडदशावतार. प्रेक्षक पन्नास आले तरी चालतील. कुणी तरुणाने ते आपल्या मोबाइलवर टिपून ठेवावे. तेवढे यंत्र आता प्रत्येकाच्या खिशात आहे.

आणि त्याआधी एक काम करावे. गावात जे कुणी ऐंशी-पंच्याऐंशीचे नट, मृदंगी, मशाल धरणारे उरले असतील, त्यांच्यापाशी वही घेऊन बसावे. राळ किती बारीक कुटायची, मूठ किती भरायची, वारा कुठला असला तर कुठल्या बाजूला उभे राहायचे, नटाच्या कुठल्या शब्दावर हात उचलायचा, हे सगळे विचारून लिहून घ्यावे. यासाठी शासनाचे अनुदान लागत नाही, समिती लागत नाही. राळ अजून बाजारात मिळते आणि मशाल आजही बांधता येते. ती फेकायची कशी हे सांगणारे मात्र दर हंगामाला कमी होत आहेत, तेव्हा हे विचारायला जायचे ते या हंगामातच.